नुसतं पार व्हायचा परवाना

आमच्या गावच्या उमराव पुस्तोडे यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिही, असं कोणी म्हटलं तर मी एवढंच लिहीन की त्यांचं अक्षर सुंदर आहे. बाकीचे तीन शब्द मला अजून सापडलेले नाहीत.

मी रुचिका. नवेगाव बांधच्या बाजारात माझं ऑनलाईन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, आधार, रेल्वेचं तिकीट, दहावीचा निकाल, ज्याला जे हवं ते मी काढून देते. बारा वर्षं हेच करतेय. कागदासाठी रडणारी माणसं पाहिली, कागद फाडून तोंडावर फेकणारी पाहिली. पण कागदावर मनापासून प्रेम करणारा माणूस एकच पाहिला, आणि तो म्हणजे उमरावकाकाजी.

काकाजी गावच्या तलावाच्या पाणी समितीचे बावीस वर्षांपासून अध्यक्ष आहेत. तलाव त्यांच्या खापरपणज्यानं बांधला, असं ते सांगतात. आम्हा कोहळी समाजाच्या प्रत्येक घरात असा एक खापरपणजा असतोच, आणि त्यानं तलावही बांधलेला असतो, म्हणून मी वाद घालत नाही. फरक एवढाच की त्या म्हाताऱ्यानं तलाव बांधला तो गावाला पाणी मिळावं म्हणून, आणि यांनी समिती चालवली ती कोणाला ते सहजासहजी मिळू नये म्हणून.

आमच्याकडे तलावाचं पाणी तुडुमातून सुटतं. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीत बसवलेलं दार. तिथून पाणी एका बांधीतून, म्हणजे धानाच्या वाफ्यातून, दुसऱ्या बांधीत उतरत जातं. वेगळा पाट नाही. धुऱ्याला, म्हणजे मधल्या बांधाला, खाच पाडली की पाणी पुढच्याच्या धानात. आता तुडुमाला लागून जी पहिली बांधी आहे ती काकाजींची. खालच्या चाळीस घरांचं पाणी त्यांच्याच धानातून वाट काढत जाणार. कित्येक पिढ्या ते तसं गेलं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. काकाजी अध्यक्ष झाले आणि एके दिवशी त्यांच्या मनात आलं, हे पाणी जातं ते कोणाला विचारून?

तेव्हापासून आमच्या गावात 'पाणी पार होण्याचा परवाना' सुरू झाला. फॉर्म दोन प्रतींत. वर फोटो, सोबत सातबारा, पाणी किती तासांत पार होईल त्याचा अंदाज, आणि पार होताना ते मध्ये कुठेही थांबणार नाही अशी लेखी हमी. पाण्याच्या वतीनं ही हमी शेतकऱ्यानं द्यायची. सध्याचा फॉर्म मी टाईप केलेला आहे, त्यामुळे या पापात मीही आहे.

अगदी शेवटच्या टोकाला चुन्नीलालची दीड एकर आहे. तो दरवर्षी एकच गोष्ट बोलायचा.

"काकाजी, पानी तुमच्या बांधीत राहात नाही जी. नुसतं जाऊन राहिलं."

"जाऊन राहिलं ते ठीक आहे गा. पन कोनाच्या बांधीतून जाऊन राहिलं? विचारून गेलं का?"

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात पावसानं अठरा दिवस दडी मारली. धान पोटरीत आलेलं. चुन्नीलालनं अर्ज दिला आणि तो परत आला, कारण फोटोत त्याला मिशा होत्या आणि समोर उभ्या असलेल्या चुन्नीलालला नव्हत्या. ओसरीवर अर्ज घेणाऱ्या सुशीलाकाकी, म्हणजे काकाजींची बायको, त्या दिवशी म्हणाल्या होत्या, "जाऊ द्या न जी, तो चुन्नीलालच आहे, मी वरखते त्याले." काकाजींनी त्यांना समितीच्या कामात बोलू नका म्हणून सांगितलं. चुन्नीलाल माझ्याकडे येऊन नवा फोटो काढून गेला. तोवर शनिवार लागला, मग रविवार. सोमवारी परवाना मिळाला तेव्हा त्याच्या बांधीत उभी होती ती तणस, नुसता वाळला पेंढा. पुढे पंचनाम्यावर अध्यक्ष म्हणून काकाजींनी त्यांच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'नुकसान नैसर्गिक कारणाने.' मला आजही तो कागद आठवला की डोकं तापतं.

या माणसाला विमान बदलायची वेळ आली, त्याची ही हकिकत.

काकाजींचा एकुलता एक मुलगा हिमांशु सहा वर्षांपासून कॅनडात आहे. सून डिंपल आमगावची. त्यांची मुलगी टीना तिकडेच जन्मली, पाच वर्षांची झाली. हिमांशुचे तिथे कायम राहायचे कागद अडकलेले, त्यामुळे तो इकडे येऊ शकत नव्हता. काकींनी नात पाहिली ती फक्त माझ्या दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर. दर रविवारी यायच्या, चप्पल बाहेर काढून खुर्चीवर बसायच्या आणि टीनानं तिकडून हात पुढे केला की इकडून काचेवर बोट टेकवायच्या. मला ते पाहवत नसे. मी उठून उगाच प्रिंटरमध्ये कागद भरत बसायची.

काकींनी आयुष्यात कोणाकडे काही मागितल्याचं मला माहीत नाही. पण त्या एकदा मला म्हणाल्या, "रुचिका, मले एक डाव पोरीले मांडीवर घ्याचं आहे. पाच वर्साची झाली. आनखी दोन वर्सांनं मांडीवर मावनार नाही व."

कॅनडाचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. कारण काय, तर हे दोघं परत जातील असं वाटत नाही. तुडुमाजवळची पहिली बांधी सोडून उमराव पुस्तोडे कॅनडात राहील, अशी भीती ज्या साहेबाला वाटली त्याला एकदा आमच्या गावी आणून फिरवायला हवं होतं. तिसऱ्यांदा मी जमिनीचे उतारे, समितीचं पत्र, तलावाचा फोटो, सगळं जोडलं आणि व्हिसा आला. एवढे फॉर्म भरताना काकाजी मात्र एकदाही वैतागले नाहीत. एकेक प्रश्न मला दोनदा वाचायला लावायचे आणि मान डोलवायचे. "पाहाय, आईच्या जन्माची तारीख इचारतेत. याले म्हनतेत देश."

मग तिकीट काढलं, आणि इथे माझी चूक झाली. ती मी लपवत नाही.

मी सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं. मुंबईहून निघायचं, युरोपात एका ठिकाणी विमान बदलायचं, मग युरोपातच दुसऱ्या ठिकाणी पुन्हा बदलायचं आणि तिथून टोरंटो. कोणते देश ते सांगत नाही, उगाच त्यांचे आणि नवेगाव बांधचे संबंध बिघडायला नकोत. मला वाटलं, विमानच बदलायचं ना, त्यात काय मोठं? गोंदियाला उतरून दुसऱ्या गाडीत बसतो तसं. ज्या वेबसाईटनं हसतमुखानं तिकीट विकलं तिनं पानाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं की प्रवासाची कागदपत्रं बरोबर आहेत की नाही हे पाहणं प्रवाशाची जबाबदारी. माझा फॉर्म निदान मोठ्या अक्षरात तरी होता.

हिमांशुनं फोन करून विनवलं म्हणून मी त्यांना पोचवायला निघाले. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसनं आम्ही मुंबईला गेलो. काकी वाटेत झोपल्याच नाहीत. टीनासाठी शिवलेलं झबलं त्यांनी तीनदा काढून पाहिलं, आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "लहान त नाही होनार?" मी नाही म्हटलं. पाच वर्षांच्या मुलीला ते झबलं होणं शक्यच नव्हतं.

विमानतळावर मी दाराबाहेर थांबले, ते दोघं आत गेले. आतलं पुढचं सगळं मला दोघांनी नंतर वेगवेगळं सांगितलं, आणि मधला काही भाग मी फोनवर ऐकला. दोघांच्या सांगण्यातलं जे जुळतं तेवढंच लिहिते.

खिडकीवरच्या मुलीनं पासपोर्ट पाहिले, तिकीट पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिले आणि म्हणाली, "सर, तुम्हाला या विमानात बसता येणार नाही."

मग तिनं नियम समजावला. पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा आहे, त्यामुळे युरोपात एकाच विमानतळावर आतल्या आत विमान बदललं असतं तर चाललं असतं. पण यांना दोन ठिकाणी बदलायचं आहे. त्या दोन देशांमध्ये आपसात फाटक नाही. एकातून दुसऱ्यात जाणारं विमान त्यांच्या हिशेबी घरातल्या घरात जातं. त्यात बसायचं तर आधी त्यांच्या घरात शिरावं लागतं, आणि घरात शिरायला त्यांचा वेगळा व्हिसा लागतो.

"पण आम्ही तिथे राहणार नाही," असं यावर बाकी कोणीही म्हटलं असतं. चुन्नीलालनं तर नक्कीच म्हटलं असतं.

काकाजींचा चेहरा उजळला. काकींनी हे मला शपथेवर सांगितलं. बावीस वर्षं ज्या गोष्टीसाठी अख्ख्या गावाच्या शिव्या खाल्ल्या, ती साता समुद्रापलीकडे गोरे लोकही करतात हे त्यांना त्या खिडकीवर कळलं.

"बरोबर आहे तुमचं, बाई," ते म्हणाले. "एकदम बरोबर. कोनी नुसतं जाऊन राहिलं म्हनून का झालं? ज्याच्या जागेतून जाते त्याले इचारलंच पाह्यजे."

ती मुलगी बिचारी आरडाओरडा ऐकायच्या तयारीनं बसलेली. काकाजी मागे वळले आणि रांगेत उभ्या असलेल्या एका पंजाबी कुटुंबाला गोंदियाच्या हिंदीत नियम समजावू लागले. "देखो भाई, दो बांधी हैं, बीच में धुरा नहीं है. तो पहली में पाँव रखा मतलब दोनों में रखा. परमिशन तो लेना पडेगा ना?" पंजाबी कुटुंबानं आपापले पासपोर्ट छातीशी धरले.

काकींनी त्यांची बाही ओढली. "तुमी कोनाच्या बाजूनं बोलून राहिले जी?"

"नियमाच्या."

"मंग नियमच घेऊन जा घरी. टीनाले मी का सांगू?"

तेवढ्यात आतून एक वरिष्ठ बाई आल्या. चष्मा, पिकलेले केस, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकलं, संगणकावर खटखट केलं आणि म्हणाल्या, "आजी, रडू नका. उद्या दुपारी आखातातून जाणारं विमान आहे, दोन जागा आहेत. तिथे आतल्या हॉलमध्ये बसून विमान बदलायचं, वेगळा व्हिसा लागत नाही. तिकीट मी बदलून देते. मला वर दाखवायला फक्त दोन ओळी लिहून हव्यात, की मला हा नियम माहीत नव्हता, मला दुसऱ्या मार्गाने जाऊ द्यावं. दोघांनी वेगवेगळ्या लिहा आणि सही करा."

असा माणूस देवळात जाऊन नवस बोलूनही भेटत नाही. आणि काकाजींनी पेन खाली ठेवला.

"माईत नव्हता कसा? मी आताच या लोकाइले समजावून सांगतला."

"सर, आधी माहीत नव्हता, एवढंच."

"मंग त असं झालं का अध्यक्ष नियम माईत नसताना घरून निघाला."

"निघालात ना सर?"

यावर त्यांनी मला फोन लावला. मी बाहेरून अक्षरशः ओरडले, "काकाजी, सही करा! माझ्यावर ढकला. लिहा की रुचिकेनं चुकीचं तिकीट काढलं!" ते शांतपणे म्हणाले, "तुहं नाव कायले लिवू? कागद माह्या नावाचा आहे. बावीस वर्स लोकायचे अर्ज मी वापस केले, नियम माईत नव्हता म्हनून कोनाले सोडलं नाही. आता मीच तसं लिवून देऊ का?"

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं. स्वतःचाच नियम स्वतःला लावणारा माणूस आपल्याकडे कुठे पाहायला मिळतो? पण ते कौतुक पाच सेकंद टिकलं. कारण नियम ते स्वतःला लावत होते आणि भोगायचं होतं काकींनी.

फोन चालूच होता. मला काकींचा आवाज आला, "बाई, तो पेन द्या."

काकी चौथी शिकलेल्या. पण बावीस वर्षं ओसरीवर अर्ज घेता घेता अर्ज कसा असतो ते त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. 'मला हा नियम माहीत नाही. मला कोनताच नियम माहीत नाही. मला नातीकडे जाऊ द्या.' खाली सही केली, सुशीला उमराव पुस्तोडे.

वरिष्ठ बाईंनी विचारलं, "हे दोघांचं धरू का?"

"नाही," काकी म्हणाल्या. "माहंच आहे. त्याइले सगडं माईत आहे."

काकाजींना वाटलं, बायको एकटी कशाला जाईल? घराबाहेर भंडाऱ्याच्या पुढे कधी एकटी गेली नाही, इंग्रजी येत नाही, सरकता जिना पाहिला की थांबते. ते दोघं बाहेर आले, रात्र आम्ही तिघांनी विमानतळाबाहेरच काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी तिकीट हातात आलं तरी त्यांना तसंच वाटत होतं. मी विचारलं, "काकाजी, अजून वेळ आहे. ती बाई आत आहे. दोन ओळी लिहा." मग त्यांनी पिशवी उघडली, आपलं धोतर, आपली दाढीची पेटी, आपली औषधं वेगळी काढली आणि बाकीची पिशवी काकींच्या हातात दिली. "मंधात कोनी इचारलं त कागद दाखवजो," एवढं म्हणाले. काकी दारातून आत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. सामान ओढायच्या गडबडीत असतील, असं मी काकाजींना म्हटलं. खोटं म्हटलं.

परतीच्या गाडीत काकाजींनी डब्यातल्या प्रत्येकाला नियम समजावला. वर्ध्यापर्यंत तो युरोपचा होता, नागपूरनंतर तो जवळजवळ त्यांचाच झाला. गावात पोचेपर्यंत हकिकत अशी तयार झाली होती की उमराव पुस्तोडे यांनी तत्त्वासाठी विमान सोडलं. समितीच्या सभेत अभिनंदनाचा ठराव मांडला गेला. सूचक आणि अनुमोदक नेहमीचेच. चुन्नीलाल शेवटच्या रांगेतून म्हणाला, "काकाजी, म्हनजे काकी गेल्या अना तुमी राहून गेले, असंच ना?" सभेनं त्याला खाली बसवलं.

तीन दिवस काकाजी स्वतः भात शिजवून खात होते. मी डबा पाठवला तर परत केला. चौथ्या दिवशी, रविवारी, ते माझ्या दुकानात आले. नेहमी काकी यायच्या त्या वेळेला. दुकानात चार-पाच माणसं होती, पण मी सगळ्यांना थांबवून फोन लावला.

स्क्रीनवर काकी दिसल्या. स्वेटर घातलेला, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. मांडीवर टीना होती. पाय मावत नव्हते, सोफ्यावरून खाली लोंबत होते, पण होती मांडीवरच. काकींनी तिला दोन्ही हातांनी असं धरलं होतं की कोणी मागायला आलं तरी देणार नाहीत. मी आयुष्यात किती कागद काढले, पण काकींचा तो वाकड्यातिकड्या अक्षरातला एकच कामी आला असं मला वाटलं, आणि तो मी काढलेला नव्हता.

काकाजी खुर्चीच्या कडेवर बसले. नातीला हाक मारतील, निदान बायकोला तब्येत विचारतील, म्हणून आम्ही सगळे वाट पाहत होतो. त्यांनी विचारलं, "मंधात का इचारलं?"

"काई नाही."

"काई नाही कसं? सहा तास बसली ना तू तिथं, विमान बदलाले?"

"बसली. एक बाई आली, आपल्या भाषेतली नाही. मी भेली. मले वाटलं कागद मांगते. त तिनं पानी आनून देलं. हातानं इचारलं, कुठं? मी फोनातला टीनाचा फोटो दाखवला. त ते हासली, अना माह्या गाडीचा आकडा लागला तवा मले हाताले धरून दारापर्यंत नेऊन सोडलं."

काकाजी विचार करत होते. त्यांना खरंच कळत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि पहिल्यांदाच मला त्या माणसाची कीव आली.

"अना फॉर्म?" त्यांनी विचारलं.

"फॉर्म नाही जी."

"सही?"

"सही बी नाही."

"मंग त्याइले का भेटलं?"

काकींनी टीनाचे घसरणारे पाय पुन्हा वर ओढून घेतले.

"त्याइले का भेटलं ते मले का माईत," त्या म्हणाल्या. "मी पोचली ना."